बिब्ब्याचं बोट

"वैनी, उद्या सांजंला आमी बोटं बघाया येनार हाय," भागू बांधावरून म्हणाला, आणि वाफ्यात ओणव्या असलेल्या आम्हा अकरा बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

कांद्याची लागण चालली होती. पौषातली थंडी, नुकतं पाणी दिलेला वाफा. गार चिखल पायांना नुसता चावत होता. माझी आरोही, आठ महिन्यांची, बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपली होती. भागू नेमका तिच्याशेजारी उभा. तो गावपुढारी तात्यांचा ट्रॅक्टर चालवतो. त्याच्या हातात काठी नव्हती की काही नव्हतं. एक हात झोळीच्या दोरीवर ठेवून तो माझ्या लेकीला हलकेच झोका देत होता.

"कसली बोटं रं?" साळुबाईनं विचारलं. ती आमच्या टोळीची म्होरकी.

"शाईची. या वस्तीवरनं कुनी मताला जायाचं न्हाई, सांगितलंय न्हवं? काळं बोट दिसलं, तर पुढं काय व्हतं ते भिमाजीभाऊला इचारा." मग झोळीत वाकून म्हणाला, "लई गोड हाय बाळ. जपा."

तो गेला तरी झोळी हलतच होती. मी चिखलाच्या हातांनीच धावले आणि पोरीला उराशी धरलं.

भिमाजीभाऊ म्हणजे सोनीबाईचा नवरा. सोनीबाई आमच्या वॉर्डातून ग्रामपंचायतीला उभी होती, तात्यांच्या सुनेविरुद्ध. मतदान दुसऱ्याच दिवशी होतं. तीन दिवसांपूर्वी पत्रकं वाटून परतताना भाऊंना भर दुपारी वाटेत गाठून लोखंडी गजांनी मारलं. हात दोन ठिकाणी मोडला. आळेफाट्याच्या दवाखान्यात होते. पोलीस आले, लिहून घेऊन गेले. कुणी मारलं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पाहिलं मात्र कुणीच नव्हतं.

"बिबट्या परवडला बाई," सरूबाई म्हणाली. "त्यो निदान उसात लपतो तरी."



"आपन नगंच जाऊ," माझ्या सासूबाई, चिमाबाई, रोप खुपसता खुपसता म्हणाल्या. "प्राची, तू तर उंबऱ्याभाईर पाय टाकायचा न्हाई. लेकुरवाळी हायेस. मोठ्यांच्या भांडनात आपली चिलीपिली कशापायी घालायची?"

सुनीलचंही फोनवर तेच. तो चाकणला कंपनीत, रविवारशिवाय घरी नाही. "माझी शप्पत हाय," म्हणाला. मी हो म्हटलं. पण आरोहीच्या वेळी कळा सुरू झाल्या, सुनील ड्यूटीवर, बाहेर वळवाचा पाऊस कोसळत होता, तेव्हा याच सोनीबाईनं मला पिकअपमध्ये घालून मंचरला नेलं होतं. वाटभर माझा हात धरून बसली होती. आता तिला एक मत द्यायचं, तर मी नवऱ्याला हो म्हणून बसले होते.

"एका मान्साचा हात मोडायचा अन् चारशे मतं गप करायची," साळुबाई म्हणाली. "लईच सवंग पडलं की त्यांना! एकडाव जमलं, की दर पाच वर्सांनी एक हात मोडतील. पुढल्या बारीला कुनाचा? तुझ्या सुनीलचा?"

"मग काय करायचं, साळुबाई?" मी विचारलं.

"समद्याच काळ्या असल्या, तर त्यो कुनाकुनाला हुडकंल?"

काम उरकून दिवस मावळायच्या आत आम्ही तिच्या पडवीत जमलो. साळुबाईनं बिब्बा दिव्यावर धरला, सुईनं टोचला, तेल सुटलं. प्रत्येकीच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर नखापासून खाली एक रेघ, वर चुन्याचा ठिपका. मताला जाणारीचं बोट काळं, न जाणारीचंही काळं. सासूबाईंनीसुद्धा हात पुढे केला. "म्या जायाची न्हाई हां. ही नुस्ती सोबत." वस्तीवरच्या सव्वीस बायकांनी रेघ ओढून घेतली.

"पोरीला त्यो हात लावू नगंस," साळुबाईनं मला बजावलं. "बिब्बा उतला तर कातडं सोलून निघंल तिचं."

मी हाताला फडकं गुंडाळलं. आरोहीला एकाच हातानं पाजलं, एकाच हातानं थोपटलं. सकाळपर्यंत बोट सुजलं, फोड आला, पण रेघ अशी काळीकुट्ट उठली होती की खुद्द निवडणूकवाल्यांनी ओढावी.

आणि घोळ नेमका तिथंच झाला.

सगळ्यांचीच बोटं काळी, आता भागूला काय कळणार, म्हणून मीही मताला गेले. शाळेच्या खोलीत माझी पाळी आली. आरोही कडेवर. नाव सापडलं, शाईवाल्या मॅडमनी डावा हात मागितला. मी फडकं सोडलं.

"अहो, तुमचं मतदान झालंय की!"

"बोगस!" खिडकीशी बसलेला तात्यांचा माणूस खुर्चीतून उठला. "दुसऱ्यांदा आली ही! हिला धरा!"

सव्वीस शहाण्या बायका, पण शाई मतदानाआधी लागलेली चालत नाही, हे एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. खरं सांगावं तर वस्तीचं गुपित फुटणार. गप्प राहावं तर पोलीस. आरोहीनं भोकाड पसरलं. मागच्या रांगेत बायका आपापले हात पदरात लपवू लागल्या.

"बोला ना, बाई," मॅडम म्हणाल्या.

"बिब्बा हाय," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "बिब्बा हाय, मॅडम. मत टाकनाऱ्याची बोटं बघनार म्हनले. भ्या वाटलं. म्हनून समद्यांनी लावलाय."

मॅडमनी माझ्या बोटावरचा फोड पाहिला, मग यादी पाहिली. माझ्या नावापुढे मत दिल्याची सही नव्हती. त्यांनी मोठ्या साहेबांकडे नजर टाकली, साहेबांनी मान डोलावली.

"कुणी बिब्बा घालायचा तो घालू दे," मॅडम हळूच पुटपुटल्या, "मधलं बोट द्या." आणि त्यांनी मधल्या बोटावर शाई ओढली.

मी बटण दाबलं. यंत्र वाजलं, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आता एक काळं बोट म्हणजे घरी बसलेली, दोन काळी म्हणजे मत टाकलेली. आम्ही आमच्या हातानंच भागूचं काम सोपं करून ठेवलं होतं.

फाटकाबाहेर तो गाडीवर बसला होता. बातमी माझ्याआधी पोचलेली. हात पदराखाली घ्यावा, तर पोर निसटत होती. मी तशीच उभी राहिले, तिला गुंडाळलेल्या गोधडीवर दोन काळी बोटं.

"दोन दोन व्हय, वैनी?" तो हसला. फोन काढून माझ्या हाताचा फोटो घेतला. रांगेतल्या पाच-सहा बायका मान खाली घालून मुकाट घरी वळल्या. मला त्यांचा राग आला नाही. मलाही पळायचंच होतं.

तेवढ्यात रांगेच्या कडेला थांबलेल्या सासूबाई पुढे आल्या. आरोहीला सोबत म्हणून त्या आल्या होत्या, मताला नाही. त्यांनी माझा हात पाहिला, भागूचा फोन पाहिला, आणि सरळ रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. साळुबाईच्या मागं. त्यांच्या मागं सरूबाई. मग आणखी चौघी.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी आपली दोन बोटं भागूच्या फोनसमोर धरली.

"काढ फोटू. नीट काढ. बोटं मोजशील रं भाग्या, पर बटन कसं मोजशील? म्या तुझ्या तात्याच्या सुनंलाच दिलं आसंल. मग मला मारशील, तर तुझंच मानूस मारशील."

भागूचा फोन खाली आला. त्यानं साळुबाईकडे पाहिलं, सरूबाईकडे पाहिलं. प्रत्येकीच्या तोंडावर तो काहीतरी शोधत होता आणि त्याला ते सापडत नव्हतं. शेवटी त्यानं गाडीला किक मारली.

घरी आल्या आल्या आम्ही दाराला आतून कडी घातली. ऊन अजून अंगणात होतं. बाहेर कुत्रं भुंकलं तरी दोघी दचकत होतो. सासूबाईंनी माझ्या बोटाला खोबरेल चोळलं, मी त्यांच्या.

"आत्याबाई," मी हळूच विचारलं, "खरंच कुनाला दिलं वो?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, कडी पाहिली, मग माझ्याकडे.

"तुला कशाला सांगू?" त्या म्हणाल्या.