दातवाल्या काकांचा स्कोअर

"तुमच्या नावावर काहीच दिसत नाही हो," मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवत म्हटलं.

"तेच तर मघापासून सांगतोय. कोणाचं दमडीचं देणं नाही."

"म्हणून तर बँक कर्ज देत नाही. कधी घेतलंच नाही, तर फेडाल की नाही हे त्यांना कळणार कसं?"

"म्हणजे आयुष्यभर अंथरूण पाहून पाय पसरले, त्याची ही शिक्षा?"

काका कवळ्या बनवायचे. दवाखान्यातून मापं यायची, हे मागच्या खोलीत बसून दात घासून-घडवून परत पाठवायचे. आपण बनवलेली कवळी घालून हसणारा माणूस तीस वर्षांत त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. आमच्या ऑफिसात त्यांना दातवाले काका हेच नाव पडलं.

मला बिल्डरने याच कामासाठी ठेवलंय. घर पसंत पण बँक बघते तो क्रेडिट स्कोअर कमी, अशी माणसं माझ्या टेबलावर येतात. कोणाचे हप्ते थकलेले, कोणी मेव्हण्याला जामीन राहून पस्तावलेला. त्यांना मी वर्षभर शिस्तीत चालवते. परोपकार वगैरे काही नाही. स्कोअर वाढला की कर्ज मिळतं आणि आमचा फ्लॅट खपतो. पण उधारीच शिकवावी लागेल असं गिऱ्हाईक हे पहिलंच.

"हप्त्यावर फ्रिज घ्या," मी सुचवलं.

"एकट्या माणसाला फ्रिज? त्यात ठेवू काय?"

"पाणी ठेवा. हप्ता तेवढा चुकवू नका."

त्यांनी घेतला. दर महिन्याला पावती दाखवायला यायचे. सगळं कॉम्प्युटरवर दिसतं म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "दिसत असेल, पण दाखवायला बरं वाटतं." मग अर्धा-अर्धा तास नुसते बसून राहायचे. घर कोणासाठी, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चौदाव्या महिन्यात स्कोअर सातशे साठ झाला. मी कर्जाचा अर्ज पुढे ठेवला. 'राहणाऱ्या व्यक्ती' या चौकटीत त्यांनी दोन लिहिलं आणि लाजले.

"अक्का माझी. आई गेल्यावर तिनेच वाढवलं मला. तिच्या मुलाकडे असते, पॅसेजमध्ये झोपते. तिला अजून बोललो नाही. म्हटलं, पक्कं झाल्याशिवाय उगाच आशा लावायची नाही."

"मग आता लावा की फोन!"

कवळ्या घासायच्या मशीनच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले, म्हणून फोन स्पीकरवर. त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"अरे वेड्या," अक्का म्हणाली, "गेल्या वर्षी म्हणाला असतास तर पायात चपला न घालता आले असते. रोज रडायचे रे. आता नातू झालाय, बाळ दिवसभर माझ्याच कडेवर. सून कामाला जाते. मला खोलीसुद्धा दिलीय त्यांनी. तुला मुकाट बसायला सांगितलं कोणी?"

"पक्कं नव्हतं गं."

"तुझं हे नेहमीचंच. येईन हं चार दिवस राहायला." मागे बाळ रडायला लागलं, तिने घाईघाईने फोन ठेवला.

बँकेकडे कसं मागायचं ते मी त्यांना चौदा महिने शिकवलं. बहिणीकडे मागायचं तेवढं राहून गेलं.

"काका, फ्लॅट रद्द करायचा असेल तर बुकिंगला भरलेले पैसे पूर्ण परत मिळतात."

"नको. तिला चार दिवस यायला जागा तर हवी." त्यांनी अर्ज पुन्हा जवळ ओढला. "खाडाखोड चालते ना यात?"

"चालते. शेजारी सही लागते फक्त."

त्यांनी दोनवर सरळ रेघ मारली, वर एक लिहिलं आणि शेजारी सावकाश पूर्ण सही केली.

"वाचता येतंय का?" त्यांनी विचारलं.

"येतंय," मी म्हटलं.