न भरणारा डबा

दर सोमवारी दुपारी बाराला आमच्या सहनिवासाच्या जेवणघरात वीस घरं भिंतीवरच्या पडद्यासमोर गोळा व्हायची. राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा ठेवता ठेवता सगळ्यांचे डोळे एकाच आकड्यावर : जागा शिल्लक, एकेचाळीस टक्के. आमची यंत्रं सांभाळणारा टोरकिल कळ दाबायचा. पडदा क्षणभर विझायचा, मग सगळे दिवे हिरवे, आणि आकडा ब्याण्णव!

"ओता, कितीही ओता," टोरकिल म्हणायचा. "हा डबा भरत नाही."

टाळ्या पडायच्या. तळघरात सायकलींच्या मागे आमचा सर्व्हर होता. त्यात टोरकिलनं कंटेनर, म्हणजे प्रोग्रामचा बंद डबा, बसवला होता. वीस घरांचे फोटो, पत्रं, सगळं त्यात. द्रौपदीच्या थाळीतून निदान जेवण तरी निघायचं. इथं काढायला कोणी जातच नव्हतं. ठेवलं की निर्धास्त.

"अरे, करतोस काय नक्की?" म्हातारा वाग्न विचारायचा.

"दाबतो."

"काय दाबतोस?"

"डेटा. माझी पद्धत आहे, सांगितली की बिघडते."

सभेनं मतदान घेऊन त्याला भांडी घासण्यातून सूट दिली होती. एस्बेन एकदा कुरकुरला, "लेकीचे मार्चमधले फोटो सापडत नाहीत." टोरकिल मायेनं म्हणाला, "शोधताना घाईत होतास का? डबा घाईला उत्तर देत नाही." आम्ही हसलो, एस्बेनलाच.

एका सोमवारी दाराशी शेजारच्या गुड्रुनची हातगाडी उभी होती. गाडीत तेवीस कॅसेट. तिचा नवरा एबे नावाडी होता. वल्हं मारताना गायचा, आणि तिनं ते टिपून ठेवलं होतं. आता ती एका खोलीच्या घरात जात होती, म्हणून जेवण झालं की गाडी भंगार केंद्राकडे निघणार होती.

"गाणी डब्यात सुखरूप आहेत," ती म्हणाली. "गुरुवारीच चढवली, ऐकलीही."

रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बोडिलनं काटा खाली ठेवला. "गुरुवारी ना? मग आत्ता ऐकव. आणि कळ दाबल्यावर पुन्हा ऐकव."

"अगं, शंका घेतेस?" टोरकिल दुखावला.

"चव घेतेय. मीठ आहे का बघायला वाटी उचलावीच लागते."

गुड्रुननं फोनवर डब्यातलं गाणं लावलं. एबेचा खरखरीत आवाज जेवणघरात उतरला :

हळू चाल वल्ह्या, पाणी झोपी गेलं,
दारातलं माणूस वाट बघून थकलं.

चमचे थांबले. गुड्रुनचे ओठ त्या ओळींबरोबर हलत होते.

"आता दाब," बोडिल म्हणाली.

टोरकिलनं कळ दाबली. हिरवे दिवे, ब्याण्णव टक्के. या वेळी टाळी कुणीच वाजवली नाही. गुड्रुननं गाणं शोधलं. यादी रिकामी होती. तिनं पुन्हा शोधलं, मग फोन पोटाशी धरून बसली.

"तांत्रिक बाब आहे..." टोरकिल म्हणाला.

"बाब साधी आहे," बोडिल म्हणाली. "दर सोमवारी तू प्रोग्रामची नवी आवृत्ती आणतोस. त्यासाठी जुना कंटेनर टाकून नवा ठेवतोस. फोटो, पत्रं, गाणी त्याच्या बाहेर, डिस्कवर वेगळ्या जागी ठेवायच्या असतात. तू ती आतच ठेवलीस. सूप पातेल्यासकट फेकलंस आणि नवं पातेलं किती रिकामं म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या!"

"पण दिवे हिरवे आहेत ना!" वाग्न म्हणाला.

"दिवा एवढंच विचारतो, चालू आहेस का? डबा म्हणतो, आहे. तुझ्या आत काय आहे, हे त्याला कुणी विचारायला सांगितलंच नाही."

एस्बेनच्या लेकीचा मार्च परत येणार नव्हता.

गुड्रुन उठली. दाराशी जाऊन तिनं हातगाडी वळवली, आत आणली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. तेवीसच्या तेवीस होत्या.

मित्रांनो, टोरकिल जादूगार नव्हता. त्याला जादूगार केलं ते आपल्या न विचारण्यानं. जे सांभाळलंय असं वाटतं, ते अधूनमधून बाहेर काढून बघा. एक प्रत दुसरीकडे ठेवा, आणि तीही उघडून बघा. दिव्याला विचारू नका. गाण्यालाच विचारा, आहेस का म्हणून.