दाखवण्यापुरता इन्हेलर

मित्रांनो, माझ्या अंगावरचे ओरखडे पाहून मला केराच्या डब्यात टाकू नका. मी एक जुना इन्हेलर आहे. छातीच्या दवाखान्यात नर्सच्या टेबलाला जो वरचा खण आहे, त्यात थर्मामीटर आणि चिकटपट्टी यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. माझ्यातून आजवर एकाही रुग्णाने औषध घेतलेले नाही. मी फक्त दाखवण्यापुरता.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. माझ्या एका टोकाला तोंडात धरायची नळी आहे आणि दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक. भोकात कॅप्सूल खोचायची, मला पिळायचे, की कॅप्सूल उघडते. मग जोरात श्वास ओढला की तिच्यातली औषधाची भुकटी थेट छातीत जाते. माझी भावंडे रुग्णांच्या घरी गेली. माझ्या अंगावर मात्र 'शिकवण्यासाठी' अशी चिठ्ठी चिकटली आणि मी सिस्टरांच्या हाती आलो.

सिस्टर बोलायला फटकळ, पण शिकवायला एक नंबर. "हा निळा पंप दम लागला की घ्यायचा," त्या सांगायच्या. "आकसलेल्या नळ्या लगेच मोकळ्या होतात. पण ऊठसूट ओढलात तर हात थरथरतील, छाती धडधडेल. आणि ही कॅप्सूल रोजची. आतली सूज ती हळूहळू उतरवते. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. आणि नंतर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंड येईल."

मग त्या सरावाची, बिनऔषधाची कॅप्सूल माझ्यात खोचून मला पिळायच्या आणि श्वास ओढायच्या. आत कॅप्सूल अशी खडखडायची की शेवटच्या बाकावरचा माणूसही मान वर करायचा. त्यानंतर प्रत्येकाकडून त्याच्या स्वतःच्या इन्हेलरवर तेच करून घ्यायच्या. दुसऱ्या दवाखान्यांतल्या नर्सही त्यांचे शिकवणे पाहायला यायच्या, तेव्हा मला आकाश ठेंगणे व्हायचे.

पुढे सरावाच्या कॅप्सूल संपल्या. सिस्टरांनी दोनदा मागणी पाठवली, उत्तर आले नाही. मग त्या मला रिकामाच ओढून दाखवू लागल्या. सुरुवातीला "आत कॅप्सूल आहे असं समजा" एवढे तरी म्हणायच्या. गर्दी वाढली आणि तेही सुटले. करून घेणेही सुटले. "समजलं ना?" असे त्या विचारायच्या. दवाखान्यात "नाही समजलं" म्हणायची छाती कुणाची असते?

याच काळात मावशी आल्या. कपड्यांच्या कारखान्यात त्या हाताने काजे करायच्या, बाहीला नेहमी टाचण्या खोचलेल्या. सिस्टरांनी मला ओढून दाखवले, मावशींनी मान डोलावली आणि औषध घेऊन गेल्या.

चार महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा खुर्चीपर्यंत येतानाच त्यांना धाप लागली होती.

"सिस्टर, सुईत दोरा ओवता येईना हो. हात बघा कसे हलतायत. कारखान्यातले साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर घरी बसा."

"निळा पंप किती वेळा घेता?"

"दिवसातून दहा-बारा वेळा होतोच."

"आणि कॅप्सूल?"

"ती एकदासुद्धा चुकवली नाही. शप्पथ!"

डॉक्टरांचा नाइलाज झाला. त्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्या लिहायला घेतल्या. मावशींना मधुमेह, गोळ्यांनी साखर वाढणार हे डॉक्टरांनाही ठाऊक होते. इतक्यात सिस्टरांनी मावशींचा इन्हेलर हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. चार महिने वापरलेला, आणि आत भुकटीचा एक कणही नाही.

"डॉक्टर, दोन मिनिटं थांबा. मावशी, घरी कसं घेता ते करून दाखवा."

मावशी सरसावून बसल्या. रिकामा इन्हेलर पिळला, जोरात श्वास ओढला, श्वास रोखून बोटांवर दहापर्यंत मोजले. मग पिशवीतून कॅप्सूल काढून जिभेवर ठेवली आणि पाण्याबरोबर गिळून टाकली. वर खळखळून चूळही भरली.

सिस्टरांना आधी हसू आले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "हे असं कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की! तुम्ही रिकामाच ओढला होता ना? मला वाटलं, तो छातीचा व्यायाम आणि कॅप्सूल पोटात."

मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. रिकामा तर मीच होतो. मावशींनी नीट ऐकले नाही असे म्हणून सिस्टर मोकळ्या होऊ शकल्या असत्या. पण त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "चूक माझी आहे."

डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला आणि लिहिलेल्या गोळ्या खोडल्या. "दम वाढला तर तडक इकडे यायचं. नाहीतर आठवड्याने दाखवा," त्यांनी बजावले. संध्याकाळच्या डोसच्या वेळेला मावशी पुन्हा आल्या आणि सिस्टरांसमोर पहिल्यांदाच कॅप्सूल ओढली. "अगं बाई, गोडसर लागलं! हे इतके दिवस कुठं होतं?"

तिसऱ्या आठवड्यात निळा पंप दोन-तीन दिवसांतून एकदा लागू लागला आणि हातांची थरथर थांबली. महिनाअखेरीला साहेबांनी काही म्हटले नाही. मावशी अजून काजे करतात.

आता सिस्टर रुग्णाच्याच इन्हेलरमध्ये त्याचीच कॅप्सूल घालायला लावतात आणि पहिला डोस समोर घेऊन दाखवल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. त्यामुळे मला काम उरले नाही. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण हेच बरोबर आहे. तुम्हाला कुणी काही शिकवले तर नुसती मान डोलावू नका, करून दाखवा. आणि शिकवणाऱ्यांनो, पाहिल्याशिवाय उठू नका.

सरावाच्या कॅप्सूल संपल्या त्या दिवसापासूनची सगळी नावे सिस्टरांनी रजिस्टरमधून उतरवून काढली. एक्केचाळीस होती. एकेकाला फोन केला. सहा जण गिळत होते, त्या सगळ्यांना बोलावून पुन्हा शिकवले. एक नंबर मात्र अजून लागत नाही. सकाळी खण उघडला की सिस्टर आधी तोच फिरवतात, आणि मी आतून ऐकत असतो. फोन उचलला तर त्या काय विचारणार ते मला पाठ आहे: "कॅप्सूल कशी घेता, जरा सांगा."