आधी शेवटचं पान

पुस्तक हातात आलं की लोक पहिलं पान उघडतात. सोराच्या अप्पांनी ते कधी केलं नाही. ते पुस्तक पालथं करायचे, मागचं कव्हर अंगठ्याने उचलायचे आणि शेवटच्या पानावर डोळे लावायचे. तिथे छपाईची तारीख असे, कितवी आवृत्ती ते असे, आणि जुन्या पुस्तकांत पोस्टाच्या तिकिटाएवढा एक कागद चिकटवलेला असे. त्यावर लेखकाचा लाल शिक्का. तो कागद नखाने हलकेच चाचपून झाला की अप्पांचा चेहरा सैल व्हायचा. "पहिली आवृत्ती, पहिली छपाई," असं ते स्वतःलाच सांगायचे.

सोराचे लहानपणीचे सगळे रविवार या चाचपण्यात गेले. बूसानमधली बोसुदोंगची पुस्तकगल्ली, दोन्ही अंगांना तिच्या डोक्याच्या वर गेलेले ढीग, आणि मधून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. गल्लीच्या तोंडाशी अप्पा तिला पाक भरलेली गरम पोळी, होत्तोक, घेऊन द्यायचे आणि लगेच म्हणायचे, "आता हात मागे." पाकाचे हात पुस्तकाला लागता कामा नयेत. मग ती तासन्‌तास हात पाठीमागे बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी उभी राहायची. अजूनही कुठे वाट पाहायची वेळ आली की तिचे हात आपोआप पाठीमागे जात.

अप्पांना हवी असत ती पुस्तकं दुसरं कुणी विचारत नसे. निवडणुका, कायदे, कारखान्यांतले संप, सरकारचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो. दुकानदार चिन ढिगाच्या मागून ओरडायचा, "मेंगसाहेब, लोक प्रेमकथा नेतात, तुम्ही जकातीवरची पुस्तकं नेता. वहिनी नांदतात तरी कशा?"

"तिला विचारू नकोस. ती उत्तर देईल."

आणि निघताना अप्पा दर वेळी तोच प्रश्न विचारायचे. "सातवं?"

चिन मान हलवायचा.

सातवं म्हणजे काय, ते सोराला अक्षर ओळखण्याआधीपासून ठाऊक होतं. 'जवाचं शेत' नावाच्या एका छोट्या प्रकाशनाने लष्करी राजवटीच्या शेवटच्या वर्षांत बारा पुस्तकं काढली होती. पातळ, खिशात मावणारी, साध्या माणसाला सरकार समजावून सांगणारी. अप्पा तेव्हा एका बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होते आणि ही पुस्तकं त्यांच्याच हातून शिवली जात. सातव्याचं नाव होतं 'मासळीबाजारासाठी राज्यघटना'. ते अप्पांना इतकं आवडलं की एक प्रत शर्टाखाली घालून ते घरी घेऊन आले. दोन दिवसांनी कारखान्यावर धाड पडली. सातव्याचे गठ्ठे गाडीत भरून नेले, आणि अप्पांनाही. सोरा तेव्हा आठ महिन्यांची होती.

सतरा दिवसांनी अप्पा परत आले. त्यांनी आधी लेकीला उचललं आणि मग विचारलं, "ते पुस्तक?"

"चुलीत घातलं," आई म्हणाली.

पुढे राजवट बदलली, बंदी उठली, आणि अप्पांनी पुस्तकं गोळा करायला घेतली. 'जवाचं शेत'ची अकरा मिळाली, सगळी पहिल्या छपाईची. सातवं मिळालं नाही. त्यावरून ते आईला कधी बोलले नाहीत. फक्त थंडीत चुलीशी हात शेकताना एखाद्या वेळी म्हणायचे, "महागडी ऊब होती गं ती." आई तिथून उठून जायची.

त्या धाडीला आता तेहेतीस वर्षं झाली होती.

सोरा माहेरी राहायला आली ती लेकीला घेऊन. नवरा जहाजावर होता, सोमवारपासून तिला कामावर रुजू व्हायचं होतं, आणि चार वर्षांच्या दान्बीला आजीशिवाय सांभाळणारं कुणी नव्हतं. सोरा शिकलेली होती, आणि शिकल्यामुळे काळजी कमी होते हे तिच्या बाबतीत खरं ठरलं नव्हतं. उलट काळजी करायला तिच्याकडे जास्त माहिती होती. दान्बी रात्री किती वेळा खोकली ते ती मोबाइलमध्ये लिहून ठेवी. हवेतला ओलावा मोजायचं एक यंत्र तिने उशाशी ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी पुस्तकांचं कपाट जरा पुढे ओढलं, तर उत्तरेच्या भिंतीवर बुरशीचा काळा नकाशा निघाला.

"अप्पा," ती कशीबशी म्हणाली, "पुस्तकं या खोलीतून हलवावी लागतील. सगळी. आणि भिंतींचे कागद काढून नवे लावावे लागतील."

अप्पांनी दान्बीकडे पाहिलं. म्हणाले, "खोकतेय खरी."

शहराच्या वाचनालयातल्या एक बाई पाच वर्षं त्यांच्या मागे होत्या. तुमचा संग्रह आम्हाला द्या, काचेच्या कपाटात ठेवू, त्यावर नाव लावू. अप्पांचं उत्तर ठरलेलं असे. सातवं मिळालं की देईन, अपुरा संच देणं म्हणजे दात पडलेल्या माणसाला हसायला लावणं. आता त्यांनी आपणहून त्या बाईंना फोन केला. शुक्रवारी या, म्हणाले. मग 'जवाचं शेत'ची अकरा पुस्तकं एका वेगळ्या पेटीत लावली आणि सहाव्या-आठव्याच्या मध्ये बोटभर जाडीचा पुठ्ठा घडी करून घातला. सोराने ते पाहिलं. तिला वाटलं, आपण म्हाताऱ्या माणसाकडून काहीतरी काढून घेतलं आणि तो वर आपल्याला पिशवीही देतोय.

गुरुवारी सकाळी भिंतीला कागद लावणाऱ्या बांग काकू बादली, ब्रश आणि खळीचा डबा घेऊन आल्या. अप्पा घरात नव्हते. शेवटचं एकदा चिनकडे जाऊन येतो, म्हणून बाहेर पडले होते. आई माजघरात वर्तमानपत्रावर सुक्या मांदेलीचा ढीग घेऊन बसली होती. एकेका मासळीचं डोकं मोडून पोटातलं काळं काढत होती.

"वरूनच चिकटव गं," आई बांग काकूंना म्हणाली. "आजवर वरूनच लावलेत."

"चार थर झालेत, ताई. पाचवा लावला तर खोली लहान होईल."

"आई, आत बुरशी असेल ना," सोरा म्हणाली. "खालपर्यंत काढायचं."

"उत्तरेची भिंत काढ. आतली कोरडी आहे. तिला कशाला हात लावायचा?"

"सगळ्या काढा, काकू."

आईने हातातली मासळी जरा जोराने मोडली.

उत्तरेची भिंत तासाभरात उघडी झाली. मग काकूंनी आतल्या भिंतीवर पाणी मारलं, खालून सुरी घातली आणि चारही थर एकत्र ओढले. सगळ्यात खालच्या कागदाला फक्त कडांनाच खळ होती, त्यामुळे डब्याचं झाकण निघावं तसा तो अख्खा सुटून आला. दान्बी दारातून म्हणाली, "आजीच्या भिंतीवर अक्षरं आहेत."

पहिला थर वर्तमानपत्रांचा देतात हे सोराला माहीत होतं. पण ही वर्तमानपत्रं नव्हती. तळहाताहून थोडी मोठी पिवळी पानं होती, एकाशेजारी एक, एका ओळीत दहा, अशा सहा ओळी. दारापासून सुरू होऊन, उत्तरेच्या भिंतीपासून हलवून इथे ठेवलेल्या कपाटाच्या मागे जाणाऱ्या. बांग काकू चष्मा वर करून म्हणाल्या, "अगं बाई, भिंतीला शाळेत घातलंय कुणीतरी."

सोरा जवळ गेली. प्रत्येक पानाच्या वरच्या कडेला बारीक अक्षरांत एकच नाव होतं. मासळीबाजारासाठी राज्यघटना.

ती तशीच माजघरात आली. आईने मान वर केली नाही.

"चुलीत घातलंस ना?"

"कव्हर घातलं," आई म्हणाली. "जाड होतं. चिकटेना."

सोरा तिच्यासमोर बसली. तिचे हात मांदेलीकडे गेले, आणि दोघी डोकी मोडायला लागल्या. समोरासमोर नुसतं बसून आई हे बोलली नसती.

"शेजारची सांगत आली, कारखान्यात पोलीस आलेत, तुमच्याकडेही येतील. तू पाठीवर. तुला खोकला. त्या भिंतीपलीकडे तेव्हा उघडी पडवी होती, फटींतून वारा यायचा म्हणून मी खळ शिजवली होती, पण वर्तमानपत्रं पुरेनात. आणि ते पुस्तक समोर. मला वाटलं, दोन्ही कामं होतील."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिघे आले. सगळं उलटंपालटं केलं. एकजण त्याच भिंतीला टेकून उभा राहिला. वर फुलांचा कागद लावला होता, पण ओलाच होता. निघताना त्याच्या कोटाला खळ लागलेली. केवढा ओरडला माझ्यावर. म्हणाला, नवरा आत आहे आणि बाईला घर सजवायचं सुचतंय."

सोराला हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. "अप्पांना का नाही सांगितलंस? नंतर तरी?"

"परत आले तेव्हा सांगितलं असतं, तर भिंत फोडून, ते घेऊन पुन्हा बाहेर पडले असते. तुला माहीत नाहीत ते तेव्हाचे." आईने एक मासळी विनाकारण दोनदा तपासली. "पुढे सगळं निवळलं. तेव्हा सांगायचं होतं. पण ते 'महागडी ऊब' म्हणायचे ना, त्याचा राग यायचा. म्हटलं, शोधा. मग इतकी वर्षं झाली की सांगायची लाज वाटायला लागली. बोसुदोंगहून रिकाम्या हाताने येऊन ते दर वेळी त्याच भिंतीला पाठ लावून झोपायचे. मला झोप लागायची नाही."

जिन्यावर अप्पांची पावलं वाजली. दान्बी आधीच पळाली होती. "आजोबा, चला, भिंतीवर गोष्ट आहे."

अप्पा खोलीच्या दारात थांबले. हातात चिनने दिलेली होत्तोकची पुडी होती. ती त्यांनी न बघताच सोराच्या हातात दिली. पानांचं नाव त्यांनी वाचलं की नाही, कळलं नाही. त्यांचे डोळे पहिल्या पानावर थांबलेच नाहीत. ते ओळींवरून सरकत खाली, उजवीकडे, शेवटच्या ओळीच्या टोकाकडे गेले. तिथे कपाट होतं.

"हे सरकवा," ते म्हणाले.

बांग काकूंनी एका बाजूने धरलं, सोराने दुसऱ्या. कपाट वीतभर हललं. भिंतीचा राहिलेला पट्टा काकूंनी हळूच सोडवला. शेवटचं पान निघालं, त्यावर तारीख होती, आणि खाली पोस्टाच्या तिकिटाएवढा कागद. लाल शिक्का जरा फिकटला होता, पण अख्खा होता.

अप्पा गुडघ्यांवर बसले. नखाने कागदाची कड चाचपली. ओठ हलले, पण नेहमीचे शब्द बाहेर आले नाहीत.

"बाकीची पानं लावली तशी लावली," दारातून आई म्हणाली. हात मांदेलीच्या वासाचे म्हणून तिने ते अंगापासून लांब धरले होते. "हे मात्र मागची बाजू वर करून लावलं. म्हटलं, कधी सापडलंच तर तुम्ही आधी हेच बघणार."

अप्पांनी वळून पाहिलं. "सोराची आई," एवढंच म्हणाले.

बांग काकूंनी घसा साफ केला. "मेंगसाहेब, वाफ देऊन पानं सोडवता येतील. थोडी फाटतील. माझी खळ वाळतेय, काय ते सांगा."

सोरा अप्पांकडे पाहत होती. उद्या वाचनालयाच्या बाई येणार होत्या. पेटीत बोटभर पुठ्ठा वाट बघत होता. तेहेतीस वर्षांचा शोध दोन हातांच्या अंतरावर भिंतीला चिकटलेला होता, आणि तो फाडल्याशिवाय पेटीत जाणार नव्हता.

अप्पा उठले, दाराजवळच्या पहिल्या पानाशी गेले आणि मोठ्याने वाचायला लागले. मासळी विकणाऱ्या बाईने कर भरला, तर तो पैसा कुणाचा, असं काहीतरी होतं. पान संपलं तेव्हा वाक्य अर्धंच होतं. पुढचा भाग पानाच्या मागे, भिंतीला चिकटलेला.

"तो पैसा तिचाच," आई दारातून म्हणाली. "सरकार फक्त तिची पिशवी धरून उभं आहे. पिशवी धरणाऱ्याने पिशवीवर हक्क सांगू नये. असं आहे मागे."

अप्पांनी दुसरं पान वाचलं. तेही मध्येच तुटलं. आईने तेही पुरं केलं, शब्द तिचे, बाजारातले.

"तू वाचलंस?"

"खळ लावायला एकेक पान हातात घ्यावंच लागतं. डोळे मिटून लावू?"

बांग काकू बादलीवर बसल्या आणि त्यांनी हातमोजे काढले. सोराने मात्र आधी भिंतीला तळहात लावला, मग गाल लावला, मग ओलाव्याचं यंत्र आणून तिथे धरलं. भिंत कोरडी होती. पाणी उडालं होतं तेवढं वाळेल. तिने दोनदा आकडा पाहिला.

"उरलेल्या तीन भिंती करा, काकू," ती म्हणाली. "ही राहू दे."

अप्पांनी पेटी उघडली. पुठ्ठा बाहेर काढला, त्यावर पेन्सिलने लिहिलं, 'सातवं घरी आहे, येऊन वाचावं', आणि पुन्हा सहाव्या-आठव्याच्या मध्ये सरकवला.

दान्बी होत्तोक खात लाल शिक्क्यासमोर उकिडवी बसली होती. पाकाचं बोट शिक्क्यापासून वीतभरावर होतं. सोराचे हात आपोआप पाठीमागे गेले. तिने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनीही ते बोट पाहिलं होतं, तोंडही उघडलं होतं.

मग ते खाली बसले, खिशातून रुमाल काढला आणि नातीचं बोट पुसायला लागले.