कोपऱ्यावर कुरकुरणारी निळी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी निळी गाडी आहे. निळी म्हणजे एके काळची. आता टपाचा रंग उडाला आहे आणि मागच्या दाराला एक पोचा आहे, त्याविषयी मी बोलणार नाही. मला सांगायची आहे ती माझ्या कुरकुरीची गोष्ट.

कारखान्यात माझे भाग जोडले गेले तेव्हा प्रत्येक सांध्यात ग्रीस भरले होते आणि वर रबरी टोप्या घट्ट बसवल्या होत्या. किती अलगद वळत असे मी! मला घरी आणले ते शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. माझ्या मागच्या सीटवर माणसांपेक्षा मशीनच जास्त बसल्या. बाबा मशीनचे चाक एकदा फिरवत, कान देत आणि तिचे दुखणे सांगत. रोज संध्याकाळी घरी आलो की माझ्या टपावर थाप मारून म्हणत, "शाबास गं बाई!" त्या थापेसाठी मी कितीही चढ चढले असते.

पुढे बाबांचे डोळे अधू होत गेले. शेवटी त्यांना उजेड आणि सावली एवढेच उरले. एके सकाळी त्यांनी किल्ली लेकीच्या हातात ठेवली आणि मग बराच वेळ माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मला फार वाईट वाटले.

लेक दातांच्या दवाखान्यात काम करते. गाडी छान चालवते, पण कायम घाईत. माझ्या पुढच्या डाव्या चाकामागची रबरी टोपी कधी फाटली ते तिला कळलेही नाही. आत धूळ शिरली, ग्रीस वाळले आणि मी वळले की कुंईईक असा आवाज येऊ लागला. सरळ रस्त्यावर मी गप्प. वळण आले की रडगाणे सुरू. शेजारचे काका म्हणाले, "टायरमध्ये हवा कमी आहे." हवा भरली. मग म्हणाले, "दाराच्या बिजागऱ्या असतील." त्यांना तेल पाजले. दारे खूश झाली, मी होते तिथेच. काकांनी तिसरे निदान करण्याआधी लेकीने विषयच सोडून दिला.

सोडला त्याला आणखी एक कारण होते. आमच्या घराच्या अलीकडे, बेकरीपाशी, डावीकडे वळावे लागते. तिथे मी किंचाळले की बाबा खुर्चीतून उठत, भिंत चाचपत येत आणि लेक पायरी चढायच्या आत दार उघडून म्हणत, "आलीस?" दिवसभर एकट्या बसलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा केवढा आनंद असे! हा आवाज गेला तर बाबांना कळणार कसे, असे लेकीला वाटे, म्हणून तिने माझ्याकडे कानाडोळा केला. मित्रांनो, माझ्या दुखण्याची त्या घराने दारावरची घंटा करून टाकली होती.

असे वर्ष गेले. सांधा झिजून ढिला झाला. तो भर रस्त्यात निखळेल आणि ही माझी माणसे आत असतील, या भीतीने मी अर्धी झाले. पण मला बोलता कुठे येते? मला फक्त कुरकुरता येते, आणि ते तर त्यांना आवडू लागले होते.

एका दुपारी लेक बाबांना डोळे दाखवायला घेऊन निघाली. बेकरीच्या कोपऱ्यावर मी किंचाळले तसे बाबा हसले, आणि लगेच त्यांचे हसू मावळले.

"गाडी बाजूला घे."

"काय झालं, बाबा?"

"कुंई झाल्यावर खाली टक् वाजलं. घरातून मला नुसतं कुंई ऐकू यायचं. हे टक् कधीपासून?"

"झाले असतील दोन महिने. मला वाटलं, जुनी झालीय, वाजणारच."

"अगं, मग दाखवली का नाहीस कुणाला?"

लेक खिडकीबाहेर बघत राहिली. "आवाज गेला तर मी आले ते तुम्हाला कसं कळणार?"

बाबांनी माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "कोरड्या लोखंडावर लोखंड घासतंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण मलाही तो आवाज जायला नको होता गं. चुकलंच आपलं."

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ टळली ती टळली. गोगलगायीच्या चालीने दोघांनी मला जवळच्या गॅरेजात नेले. लेक स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवू लागली, पण आवाज सगळीकडूनच आल्यासारखा वाटे. मिस्त्री म्हणाले, "स्टिअरिंगच उघडावं लागणार."

"जरा थांबा," बाबा म्हणाले. "लांब स्क्रू-ड्रायव्हर आहे?"

बाबा चाकाशी उकिडवे बसले. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ त्यांनी कानाला लावली आणि मिस्त्री दुसरे टोक एकेका सांध्यावर टेकवत गेले. "इथं नाही. इथंही नाही. आणखी खाली घ्या. हा! हाच."

मिस्त्रींनी पहार घालून तो सांधा हलवला आणि त्यांचा चेहरा बदलला. "बॉल जॉइंट पार खिळखिळा झालाय. वेगात असताना तुटला असता तर चाक आडवं झालं असतं, बाबा." लेकीने बाबांचा हात घट्ट धरला तो नवा जॉइंट बसेपर्यंत सोडला नाही. नवे ग्रीस, नवी टोपी. किती दिवसांनी माझ्या जिवात जीव आला!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतताना मात्र लेक उदास होती. आज दार बंद असणार, हे तिला ठाऊक होते. बेकरीजवळ तिने वेग कमी केला आणि कचकन ब्रेक दाबला. कोपऱ्यावर बाबा उभे होते. एक हात बेकरीच्या भिंतीला, पायांत घरातल्याच चपला.

"बाबा! एकटे आलात?"

"भिंतीला धरून आलो. त्रेपन्न पावलं आहेत, मोजली. गाडी गप्प झाली, तेव्हा म्हटलं, आता आपणच सामोरं जावं."

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. घरात कोणी रोज कुरकुरत असेल, यंत्र असो की माणूस, तर त्या आवाजाची सवय करून घेऊ नका. जवळ जा, कान लावा आणि नेमके कुठे दुखते ते शोधा.

त्या संध्याकाळी बाबा पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी कान माझ्याकडे लावला. मी वळले. काहीही वाजले नाही. घरापाशी उतरल्यावर त्यांनी चाचपडत माझा टप शोधला आणि कित्येक वर्षांनी त्यावर थाप मारली.