बदकाची निर्दोष मुक्तता

वाचनालयाच्या अध्यक्षांच्या सात वर्षांच्या नातीनं तिच्या वयाला न झेपणारी एक रहस्यकथा वाचली आणि जेवताना आजोबांवर डोळे रोखून विचारलं, "परवा संध्याकाळी साडेपाच ते सहा तुम्ही कुठे होतात?"

आजोबांना काही केल्या आठवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी बालविभागाच्या बाईंना फर्मान सोडलं: रहस्यकथांना वयाप्रमाणे रंगीत पट्ट्या लावा. पाच ते सात पिवळी, आठ ते दहा हिरवी, त्यापुढे लाल. शिवाय परीक्षा घेऊनच कार्ड द्यायचं.

बाई अकरा वर्षं त्या विभागात होत्या. 'हो' म्हणून मोकळं व्हायचं, हे त्या कधीच शिकल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न काढला: 'बशीतला केक नाहीसा झाला. खोलीत तिघं आहेत. झोपलेलं मांजर, दातदुखीनं बेजार मावशी आणि मिशीला क्रीम लागलेले काका. केक कोणी खाल्ला?'

नातीनं प्रश्न पुरता न वाचताच लिहिलं, 'काका.' तिला थेट लाल कार्ड मिळालं. मग ती आजोबांकडे वळली. "तुमचं कार्ड कुठंय?"

नियम म्हणजे नियम. अध्यक्ष बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि तासाभरानं त्यांनी कागद दिला: 'काका दाढी करत असावेत. दातदुखी हा बनाव वाटतो, पण पुरावा नाही. सबब, मांजर.'

बाईंची पंचाईत झाली. नोकरी एकीकडे, उत्तर एकीकडे. शेवटी डोळे मिटून त्यांनी पिवळं कार्ड पुढे केलं. कार्ड खिशाला अडकवून अध्यक्षांनी 'हरवलेला डावा मोजा' हे पुस्तक घरी नेलं. सोळा पानं, ठसठशीत अक्षरं, शेवटच्या पानावर बदकाच्या घरट्यात मोजा.

नवव्या दिवशी ते आले ते तणतणतच. "बाई, हे बदक निरपराध आहे!"

"अहो साहेब, मोजा त्याच्याच घरट्यात सापडलाय. चित्रसुद्धा आहे."

"सापडला म्हणजे चोरला? पान अकरा बघा. बदक तळ्यात. पान बारा, बदक नखशिखान्त ओलं. आणि मोजा? कोरडा ठणठणीत!"

बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. मोजा खरंच कोरडा होता. त्यांचे कान तापले. अकरा वर्षं त्या पोरांना हसत हसत सांगत आल्या होत्या, 'बदकानंच घेतला बरं का!' एका मुक्या जिवाचं नाव आपण शेकडो घरांत बद्दू केलं, या विचारानं त्यांना दुपारी चहासुद्धा गोड लागला नाही.

कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. बदकाचं म्हणणं ऐकून घेतलं का, असं एका सदस्यानं विचारलं. दुसऱ्याचा कोंबड्यांचा धंदा असल्यानं तो तटस्थ राहिला. बाकीच्यांनी ठराव मंजूर केला, आणि चारही प्रतींत चिठ्ठी डकवली गेली: 'या पुस्तकातील बदक निर्दोष आहे. आदेशावरून.'

झालं! मुलांना आयतंच रान मोकळं मिळालं. आपापल्या पुस्तकातल्या गुन्हेगाराला सोडवायचे अर्ज घेऊन जिन्यापर्यंत रांग लागली. कुणी माळ्याची बाजू मांडली, कुणी सावत्र भावाची. अक्षर न येणाऱ्या एका मुलीनं कुत्र्याचं रडतानाचं चित्र काढून आणलं; तोच अर्ज. बाई प्रत्येक अर्ज नीट वाचत आणि शिक्का मारत. इतकी माणसं शेवटचं पान डोळ्यांत तेल घालून वाचताहेत, हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. दीड महिन्यात तिन्ही कपाटांत औषधालाही गुन्हेगार उरला नाही.

मग नातीनं नवी तक्रार आणली. लाल कपाटातल्या तेराही पुस्तकांत गुन्हा घडतो तिथे एक माणूस हटकून हजर असतो. खुद्द गुप्तहेर!

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. निकाल द्यायचा तर लाल पुस्तकं वाचायला हवीत, आणि खिशाला कार्ड पिवळं.

"नियम वाचण्याचा आहे साहेब," बाई हळूच म्हणाल्या. "ऐकण्याचा नाही."

तिघं खिडकीशी बसली. बाईंनी पहिलं पुस्तक उघडलं. लाल कपाटातलं एकही पुस्तक त्यांनी स्वतः कधी वाचलं नव्हतं, पण ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. सातव्या पानावर तळघराचं दार आपोआप उघडलं, तेव्हा अध्यक्षांनी नातीचा हात घट्ट धरला.

"घाबरलात?" तिनं विचारलं.

"मी? छे! तुझ्यासाठी धरलाय."

वाचनालय बंद व्हायची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. शेवटचं पान संपलं. नातीनं वही पुढे सरकवली. "बोला. दोषी?"

अध्यक्षांनी घसा खाकरला. "संशयाला जागा आहे. मात्र उरलेली बारा ऐकल्याशिवाय निकाल देणं बरं नव्हे."

बाई तोवर दुसरं पुस्तक काढायला उठल्यासुद्धा होत्या.