खाऱ्या पाण्याची राखण

"अंकल, खातेदाराच्या मोबाइलवर ओटीपी गेलाय. तेवढा सांगा."

उदारामने फोन कानाशी आणखी दाबला. "बाई, खातेदार माहा पोरगा होय. दिवाळीत गेला तो. त्याचा नंबरई बंद झाला. ओटीपी कोनाले इचारू?"

पलीकडे माशांच्या टाकीचे यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्रातली मुलगी होती. खातेदाराच्या संमतीशिवाय खाते दुसऱ्याच्या नावावर होत नाही, हे तिने पुन्हा सांगितले. मृत्यूचा दाखला सून रीनाने कधीच पाठवला होता.

उदाराम नवेगाव बांधचा ढिवर, मासे धरणारा. उभा जन्म तलावावर गेला, समुद्र कधी पाहिला नाही. मुलगा रूपेश गोंदियात आयटीआयमध्ये शिकवायचा. त्याने हौसेने समुद्रच बैठकीत आणून ठेवला होता. काचेची टाकी, खारे पाणी, जिवंत पोवळी आणि नारिंगी माशांची एक जोडी. पाणी गार ठेवणारे पंखे, दिवे, पंप, सगळा कारभार त्याच कंपनीच्या कंट्रोलरकडे होता. काम चोख, पण तो ओळखायचा एकट्या रूपेशला. कंपनीने ॲप बदलले, नव्याने लॉगिन मागितले, आणि कंट्रोलर मुका झाला.

मुलाच्या तेरवीला आलेला उदाराम टाकीसाठी राहून गेला होता. आता मे महिना होता. त्याने पंखे थेट भिंतीच्या बोर्डात खोचले. पाणी तापले की हातानेच सुरू, निवले की बंद. घर सोडायची सोय उरली नाही. भाचीच्या लग्नालाही गेला नाही. एका दुपारी बसल्याबसल्या डोळा लागला, पाणी तापले आणि एक पोवळे पांढरेफटक पडले. ते त्याने हलक्या हाताने बाहेर काढले.

"मामाजी, नागपूरचा एक जण टाकी न्यायला तयार आहे," रीना म्हणाली. "तुमचे हाल पाहवत नाहीत."

उदाराम उठून टाकीपाशी जाऊन बसला. जेवायलाही उठला नाही. ते पाहून रीनानेच चंचलला बोलावले. ही आयटीआयमध्ये रूपेशच्या बाजूच्या वर्गावर शिकवायची.

"मी रूपेश सरले तवाच म्हटलं होतं, घरीच बनवू," चंचल म्हणाली. "ते म्हणत, बनवाले येळ कोनाले आहे, कंपनीचा कंट्रोलर दगा नाही देत. खरंच, कधी दिला नाही बी."

तिने पिशवीतून हाताच्या तळव्याएवढी सर्किटची एक पाटी आणि तारा काढल्या. "याचा प्रोग्राम जगभरच्या लोकायनं मिळून लिवला, काका. सगळ्यायसाठी उघडा. उद्या मी नसली तरी दुसरं कोनी उघडून सुधरवू शकते."

"असं बोलू नोको," उदाराम पटकन म्हणाला.

पाटी काही केल्या तापमान दाखवेना. चंचलने फोटो काढून त्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. चहा होईस्तोवर उत्तर आले: एक तार चुकीच्या जागी होती.

"कोन सांगून राहिला?"

"पोर्तुगालचा एक मानूस. अर्धाअधिक प्रोग्राम त्यानंच लिवला."

"तुह्या वळखीचा?"

"नाही जी."

"मंग काऊन सांगून राहिला?"

चंचलने तार बदलली. "त्याच्याबी घरी टाकी आहे ना, काका."

थोड्या वेळाने पंख्यांनी आपणहून घरघर धरली. उदाराम ऐकत उभा राहिला. पाणी निवल्यावर ते आपणहून थांबले, तेव्हा तो आतल्या खोलीत गेला आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपला. रीनाने त्याला उठवले नाही.

त्याच आठवड्यात तो गावी जाऊन आला. येताना तलावाची ताजी मासळी घेऊन थेट चंचलच्या दारात. पळसाच्या पानांवर त्याने दोन वाटे घातले.

"हा तुहा. आन् हा त्या पोर्तुगालवाल्याचा."

चंचल हसली. "तिथवर कसा पोचवू, काका?"

"पोचवाले कोन सांगून राहिला? ज्याच्या जाळ्यानं मासळी धरली, त्याचा वाटा पयले काढा लागते. कोनालेई दे, पोटभर खाऊ दे."

चंचलने दुसरा वाटा वेगळा उचलला आणि चप्पल घालून समोरच्या घरी द्यायला निघाली. ती दार वाजवेपर्यंत उदाराम थांबला. मग त्याने रिकामी पिशवी झटकली, घडी करून काखेत धरली, आणि टळटळीत उन्हात घराकडे चालू लागला, जराही घाई न करता.